दातांचा कॅम्प घेताय? मग आधी नंबर कसे लावायचे ते ठरवा

माझा पहिला कॅम्प यावल तालुक्यातल्या एका गावात झाला, त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्या दिवसातली एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. आदल्या रात्री ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारलं होतं की उद्या सकाळी ९ वाजता शाळेत दातांचे डॉक्टर येणार, तपासणी फुकट, सगळ्यांनी या. आम्ही पोचलो तर शाळेचा ओटा भरलेला, पहिले ४० नंबर साडेसातलाच गेलेले. कोण होते हे ४०? ज्यांना सकाळी काम नव्हतं ते. पारावरची मंडळी, दोनचार मेंबर, त्यांचे भाऊबंद, आणि बहुतेकांची मागणी एकच, "डॉक्टरसाहेब, जरा सफाई करून द्या ना". केली. दिवसभर सफाईच केली. बाया स्वयंपाकपाणी उरकून, काही तर शेतातून परत येऊन दुपारी आल्या तेव्हा चिठ्ठ्या संपल्या होत्या. आणि दोन वाजता ७१ नंबरची चिठ्ठी घेऊन आठ-नऊ वर्षांची एक पोरगी समोर आली, गाल इतका सुजलेला की डोळा अर्धा मिटलेला, अंगात ताप. सकाळपासून ती तिथंच बसली होती, आमच्या खुर्चीपासून दहा पावलांवर. तिला गाडीत घालून जळगावला पाठवलं, बरी झाली ती, पण आम्ही पाच तास तिच्या डोळ्यांसमोर लोकांचे दात चमकवत होतो हे काही जात नाही मनातून.

संध्याकाळी टोपी-टॉवेल, नारळ, सत्कार, फोटो, सगळं झालं. बॅनरवर लिहिलं होतं १२० रुग्णांची तपासणी.

"जो आधी आला त्याचा नंबर आधी" हा नियम दिसायला एकदम सरळ वाटतो, कोणी भांडत पण नाही, पण तो फायदा देतो रिकाम्या माणसाला. पोराला, बाईला, मजुराला, आणि ज्या आजीला घरातून कोणीतरी हात धरून आणायला लागतं तिला तो मागे टाकतो. म्हणून हा लेख. गावातलं मंडळ असेल, शाळेचे सर असतील, बचतगट असेल किंवा नुकताच बीडीएस होऊन आलेला कोणी उत्साही पोरगा-पोरगी असेल, ज्यांना गावात दातांचा कॅम्प घ्यायचाय त्यांनी तो कसा घ्यावा हे मी जे चुकत चुकत शिकलो ते सांगतो.

आधी तारीख, आणि तारखेतच अर्धा न्याय होतो

कापूस वेचणीत कॅम्प घेऊ नका. ऑक्टोबर ते डिसेंबर बाई घरी सापडतच नाही, आणि एक दिवसाची मजुरी बुडवून दात दाखवायला कोण येणार. मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ऊन ४४-४५ ला जातं, त्यात पत्र्याच्या वर्गखोलीत म्हाताऱ्या माणसाला दोन तास बसवणं म्हणजे दात बरा करता करता चक्कर आणायची. मला स्वतःला पोळ्याच्या आसपासचे दिवस बरे वाटतात, निंदणी-खुरपणी आटोपलेली असते, शाळा चालू असते.

नंदुरबारकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हिशोब वेगळा. तिथली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला, कामाला गुजरातकडे निघून जातात, मागे राहतात म्हातारी माणसं आणि बारकी पोरं. दिवाळीआधी घ्या किंवा होळीला, होळीला सगळा सातपुडा घरी असतो. पण ऐन भोंगऱ्यात, म्हणजे होळीच्या आधी भरणाऱ्या आदिवासींच्या बाजारात नको, तेव्हा तुमच्याकडे कोणी ढुंकून बघणार नाही आणि बघू पण नये.

आणखी एक चांगली वेळ आहे जी कोणाच्या लक्षात येत नाही, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेराला आलेल्या असतात, सोबत त्यांची पोरं, कोणी पोटुशी. सासरी ज्या बाईला दात दुखतो हे सांगायची सोय नसते ती माहेरी मोकळेपणाने तोंड उघडते, अक्षरशः. फक्त ऊन असतं म्हणून सकाळी ७ ते ११ एवढाच ठेवायचा.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरला आधी भेटा, लेखी पत्र द्या. ते फक्त सहीपुरतं नाही, बीपीचं मशीन, सुया-कापसाचा कचरा न्यायची सोय आणि आशाताई तिथूनच मिळतात. उपचार करणारा नोंदणी असलेला डेंटिस्टच पाहिजे. बाजाराच्या दिवशी फुटपाथवर बसून दोन दातांमध्ये सिमेंट चोपडून "फिक्स दात" बसवणारे असतात ना, त्यांनी बसवलेलं काढता काढता शेजारचे चांगले दात पण जातात, मी दरवर्षी बघतो.

खुर्चीची मिनिटं मोजा, माणसं नंतर मोजा

हा हिशोब बहुतेक जण करतच नाहीत आणि मग दिवसभर धावपळ. समजा तीन डॉक्टर आहेत, दोन फोल्डिंगच्या खुर्च्या आहेत. एक डॉक्टर फक्त तपासणी करेल, साध्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोक्याला टॉर्च लावून. बाकी दोघं उपचार करतील. वेळ ९ ते १ आणि ३ ते ५ ठेवली तर झाले ६ तास, दोन खुर्च्यांचे मिळून ७२० मिनिटं. एका पेशंटला समजावणं, काम, खुर्ची पुसणं, हत्यारं बदलणं धरून सरासरी २५ मिनिटं धरा. म्हणजे २८ माणसं. बस. एवढीच. तुम्ही भोंग्यावरून हजार लोकांना बोलवा नाहीतर ५० ला, नीट उपचार दिवसाला २८ जणांवरच होणार आहेत, त्यामुळे प्रश्न "किती आले" हा नाहीच, त्या २८ जागा कोणाला द्यायच्या हा आहे.

मी त्या अशा वाटतो. ८ जागा लाल चिठ्ठीसाठी, म्हणजे ज्यांचं खरंच अडलंय, वय कितीही असो. ८ शाळेच्या यादीतल्या पोरांना. ६ साठीच्या पुढच्यांना. ४ दुपारनंतर येणाऱ्या बायांसाठी, त्या सकाळी कोणालाही द्यायच्या नाहीत, सरपंचाचा काका आला तरी नाही. उरलेल्या २ मोकळ्या, कारण काहीतरी होतंच. दुपारी ४ पर्यंत लाल जागा भरल्या नाहीत तर त्या पिवळ्या चिठ्ठीवाल्याला, म्हणजे त्याहून कमी अडलेल्याला द्या (रंगांचं पुढे सांगतो), रिकामी खुर्ची ठेवून न्याय होत नसतो. ही वाटणी काही दगडावरची रेघ नाही, तुमच्या गावात म्हातारी माणसं जास्त असतील तर बदला, पण कॅम्पच्या आधी बदला आणि कागदावर लिहून शाळेच्या भिंतीला चिकटवा. भिंतीवर लिहिलेलं असलं की भांडण डॉक्टरशी होत नाही, भिंतीशी होतं.

आमच्या टीममधल्या एका ज्युनिअरने एकदा चांगला मुद्दा काढला होता. म्हणाला, सर, पोरांचं पुढचं ६० वर्षांचं आयुष्य आहे, एक दाढ वाचवली की ६० वर्षं वाचते, म्हाताऱ्यांवर एवढा वेळ का घालवायचा? गणित त्याचं बरोबर आहे. पण त्याने एक गोष्ट धरली नव्हती, पोरांना जे सगळ्यात जास्त उपयोगाचं आहे त्याला खुर्ची लागतच नाही, ते शाळेच्या बाकावर होतं. म्हाताऱ्यांना खुर्ची लागते आणि परत परत यायला लागतं. आणि मधल्या वयाच्या माणसाला यातलं फार काही लागत नाही, तो मोटरसायकलला किक मारून तालुक्याला जाऊ शकतो, त्याला फक्त धाक लागतो. तिघांच्या गरजा वेगळ्या आहेत, आपण तिघांना एकाच रांगेत उभं करतो म्हणून ते एकमेकांच्या आड येतात.

पोरांचं काम आदल्या दिवशी, शाळेत

रविवारी कॅम्प असेल तर शनिवारी सकाळच्या शाळेत जा. मुख्याध्यापकांशी आधी बोला, घरी चिठ्ठी पाठवून आईबापाची सही घ्या, सही नसेल त्या पोराला नुसतं बघायचं, काही लावायचं नाही. शाळा-अंगणवाडीत सरकारी आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक येतच असतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा, हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि त्यात दात पण बघतात. त्यांची यादी मागून घ्या, निम्मं काम तयार मिळतं.

आता शाळेत काय बघायचं. एकच गोष्ट सांगायची तर सहाव्या वर्षाची दाढ. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या सगळ्या दातांच्या मागे, खाली-वर दोन्हीकडे मिळून चार नव्या दाढा येतात. त्यांच्या जागी आधी कोणताही दात पडलेला नसतो म्हणून आईला वाटतं हा पण दुधाचाच, पडणारच आहे. तो कायमचा असतो. दहा वर्षांच्या पोराला घेऊन येतात, दाढ पूर्ण पोखरलेली, आणि म्हणतात "काढून टाका, नवीन येईल". नाही येत हो नवीन. मला वाटतं गावातल्या प्रत्येक आईला एवढं एक वाक्य पाठ असलं तरी माझं अर्धं काम कमी होईल.

या दाढांवर खोल खाचा असतात, त्यात शेंगदाण्याचा चुरा, बिस्किट, काहीही अडकतं. कीड लागायच्या आत त्या खाचा पातळ मटेरियलने बुजवतात त्याला सीलंट म्हणतात. शाळेत लाळ आवरत नाही, दाढ कोरडी राहत नाही, तेव्हा ग्लास आयनोमर सिमेंट बोटाने दाबून भरलं तरी चालतं. सातवीच्या आसपास, बाराव्या वर्षी दुसऱ्या दाढा येतात, तेव्हा परत तेच. म्हणून सगळी शाळा तपासायला वेळ नसेल तर पहिली-दुसरी आणि सहावी-सातवी एवढे वर्ग आधी घ्या. बाकीचे पुढच्या वेळी.

सगळ्या लहान पोरांना फ्लोराइड व्हार्निश. ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं असतं, छोट्या ब्रशने दातांवर फिरवायचं, एका पोराला दोन-तीन मिनिटं. ना इंजेक्शन, ना मशीन, ना लाईट. लावल्यावर काही तास कडक खायचं नाही आणि त्या रात्री ब्रश करायचा नाही, दात थोडे पिवळट दिसतात ते दुसऱ्या दिवशी जातं. हिरड्यांना जखमा असतील किंवा तोंड आलेलं असेल त्याला तेवढ्यापुरतं नको. पण हे वर्षातून निदान दोनदा लावलं तरच उपयोग, एकदा लावून फोटो काढून निघून गेलात तर मटेरियल वाया, सरळ सांगतो.

अंगणवाडीच्या बारक्यांच्या पुढच्या दातांना काळी-पिवळी कीड असते, बाटलीने दूध पीत झोपायची सवय, गूळ लावलेली चोखणी. तीन वर्षांच्या पोराला इंजेक्शन देऊन ड्रिल लावणार कसं? त्यासाठी एसडीएफ नावाचं औषध आहे, चांदी आणि फ्लोराइडचं, ३८ टक्के. थेंबभर लावलं की बहुतेक वेळा कीड पुढे सरकायची थांबते. पण किडलेली जागा काळी कुळकुळीत होते आणि तशीच राहते, म्हणून आधी आईला फोटो दाखवा, हो म्हणाली तरच लावा. एकदा आम्ही घाईत नीट न सांगता लावलं आणि दुसऱ्या दिवशी आजी भांडायला आली, "मन्ही नातना दात काळा करी टाका". तिचं बरोबर होतं. आणि कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असेल, पोर रात्री रडत असेल, तर एसडीएफ लावून उपयोग नाही.

मोठा खड्डा नसेल तर कायमच्या दाढेचं फिलिंग ड्रिलशिवाय पण होतं. हाताच्या हत्याराने मऊ कीड खरवडून काढायची आणि ग्लास आयनोमर भरायचं. याला एआरटी म्हणतात, १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झालेली पद्धत आहे, जिथं लाईट नव्हती तिथं. आपल्याकडे लोडशेडिंगमध्ये याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. ग्लास आयनोमर, एसडीएफ आणि फ्लोराइडची पेस्ट हे तिन्ही २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, म्हणजे "हे काय गरिबांचं स्वस्तातलं" असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

पेस्टचं पण सांगून टाका पालकांना. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, फ्लोराइडवाली, आणि सहा-सात वर्षांपर्यंत ब्रश आईबापाच्या हातात. टीव्हीवरच्या जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात ती पेस्ट खपवायला.

रंगीत चिठ्ठ्या

कॅम्पच्या दिवशी गेटवर नंबर द्यायचा नाही, रंग द्यायचा. गेटवर आशाताई किंवा कॉलेजचा पोरगा बसवा आणि त्याला चारच प्रश्न शिकवा. सूज आहे का? ताप आहे का? दुखण्याने रात्री झोप उडाली का? तोंडात दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस न भरलेली जखम आहे का, किंवा तोंड उघडायला त्रास होतो का? यातलं एक जरी हो आलं तरी लाल. चावताना दुखतं, दात तुटलाय, हलतोय, खड्डा आहे, तर पिवळी. बाकी हिरवी, आणि "सफाई करून द्या" म्हणणारा हिरवीतच, कितीही मोठा असला तरी.

लालमध्ये पण एक वेगळा प्रकार ओळखायला शिकवा. सूज जबड्याखाली मानेकडे उतरलीय, गिळता येत नाही, श्वासाला जड वाटतंय, तोंड उघडतच नाही, तर तो माणूस कॅम्पचा नाहीच. १०८ ला फोन, नाहीतर उभी असेल ती गाडी. तिथं थांबवून गोळ्या देत बसायचं नाही.

सारख्याच रंगाची दोन माणसं आली तर आधी कोण? मी वय बघत नाही, मी विचारतो, "उद्या तालुक्याला जाता येईल का तुला?" ज्याला येतं तो मागे. वरच्या पाड्यावरून दोन तास चालत आलेला पावरा आदिवासी माणूस आणि बसस्टँडसमोर दुकान असलेला माणूस, दोघांच्या दाढेला सारखाच खड्डा असला तरी दोघांची अडचण सारखी नाही. दुकानवाला थोडा फुगतो, पण समजावलं की ऐकतो, आपली माणसं तशी ऐकतात.

म्हाताऱ्या माणसांचं घाईत उरकू नका

"आते काय ऱ्हायनं मनं" असं म्हणून आजी-आबा स्वतःच मागे सरकतात. घरातले पण म्हणतात, जाऊ द्या डॉक्टर, या वयात काय करायचं. पण जरा विचारा त्यांना काय खातात. दुधात कुस्करलेली भाकरी, खिचडी, चहात बुडवलेलं टोस्ट. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन किती वर्षं झाली विचारलं की डोळ्यात पाणी येतं कधीकधी. पोराला आपण पुढची वर्षं देतो, आबांना आजचं जेवण देतो, यातलं मोठं कोणतं ते मला विचारू नका.

त्यांना बोलवतानाच सांगा, ज्या ज्या गोळ्या चालू आहेत त्या सगळ्या पाकिटासकट पिशवीत घेऊन या. "बीपीची पांढरी गोळी" एवढ्यावर काही कळत नाही. खुर्चीवर घ्यायच्या आधी बीपी आणि शुगर बघा. बीपी १८०/११० किंवा वर असेल तर त्या दिवशी दात काढायचा नाही, आधी मेडिकल ऑफिसरकडे. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर "दोन दिवस बंद करून या" असं आपल्या मनाने सांगू नका, ती गोळी देणाऱ्या डॉक्टरशी बोलूनच काय ते ठरवा, बहुतेक वेळा गोळी चालू ठेवून, जास्त काळजी घेऊन दात काढता येतो.

आणि माझं स्पष्ट मत, कॅम्पमध्ये म्हाताऱ्या माणसाचे फक्त अगदी हलणारे एक-दोन दात काढा. मजबूत मुळ्यांची दाढ शाळेच्या वर्गात काढायची हौस नको. तुम्ही ५ वाजता निघून जाता, रक्त रात्री ११ ला सुरू होतं, आणि गावात कोणी नसतं. वरची दाढ काढली की नजर जाते ही भीती मात्र काढून टाका, दाताचा आणि डोळ्याचा काही संबंध नाही, चष्मा त्या वयात तसाही लागतोच.

हिरड्या उतरलेल्या असतात म्हणून मुळांवर कीड लागते, त्यात बीपी आणि इतर काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. इथं पण एसडीएफ छान काम करतं, मागच्या दातांवर काळं दिसलं तरी आजीला फरक पडत नाही, विचारून बघा, हसतात.

कवळी एका दिवसात होत नाही. जे "कॅम्पमध्ये कवळी" म्हणतात त्यांच्यापासून जरा सावध. दात काढल्यावर जबडा भरायला दोन-तीन महिने द्यायला लागतात, मग माप, चावा, ट्रायल, बसवणं, मग टोचतं ते घासून देणं, चार-पाच चकरा होतात. एकट्या आजीला पाच चकरा कोण मारवणार? म्हणून गावातले कवळीवाले पाच-सहा जण एकत्र करा, एकाच दिवशी सगळ्यांचं माप, एकाच दिवशी ट्रायल, सोबत एक तरणा माणूस. एसटीत ७५ च्या पुढे तिकीट नाही, ६५ च्या पुढे अर्धं, बायांना २०२३ पासून अर्धं, आधारकार्ड सोबत ठेवायचं. दवाखानावाल्याला पण हे परवडतं, सहा जणांचं काम एकत्र आलं की तो दर कमी करतो, मी करतो. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे, २०१७ ची, त्यात काठी, चष्मा, कानाचं मशीन यांच्यासोबत कवळी पण आहे, तुमच्या जिल्ह्यात त्याचं शिबिर कधी आहे ते समाजकल्याणच्या ऑफिसात विचारा.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, हे कोणी सांगतच नाही त्यांना. वर्षानुवर्षं घालून झोपतात आणि टाळू लाल झालेला असतो.

मधली माणसं

तरण्या पोरांचं तोंड उघडून बघा, नुसतं विचारू नका. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि पुड्या कुठं मिळतात ते सगळ्यांना माहिती आहे. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर ते गुटख्याने आखडलेलं तोंड आहे, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, न दुखणारी पण न भरणारी जखम असेल तर लाल चिठ्ठी, थेट सिव्हिलला. दुखत नाही म्हणून लोक वाट बघतात, तीच चूक. तंबाखू पुरुषच खातात असं समजू नका, मिसरी लावणाऱ्या आज्या आणि काकू भरपूर आहेत, त्यांना एकटीला बाजूला घेऊन विचारा, सुनेसमोर नाही सांगणार. तिशीच्या पुढच्यांची तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आशाताईंच्या कामात आहेच, त्यांच्या फॉर्मला हे जोडून टाका.

पोटुशी बाई आली की सगळे घाबरतात, "बाळंत झाल्यावर या". चौथा ते सहावा महिना दातांच्या कामासाठी चांगला असतो, आणि सूज-पू असेल तर कोणत्याही महिन्यात थांबायचं नसतं. शुगरवाल्यांना एवढंच सांगा की हिरड्या खराब असल्या की शुगर आटोक्यात राहत नाही आणि शुगर वाढली की हिरड्या बिघडतात.

सफाईने दात ढिले होत नाहीत, ढिले झालेलेच असतात, दातावर साचलेला दगडासारखा थर काढला की कळतं इतकंच.

हत्यारं

जेवढी माणसं तपासणार तेवढे आरसे आणि प्रोब (दात चाचपायची टोकदार काडी) आधीच पाकीट सील करून, ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून न्या. १२१ डिग्री, ३० मिनिटं. गरम पाण्यात उकळून परत वापरणं म्हणजे निर्जंतुक करणं नाही, एकाची कावीळ दुसऱ्याला द्यायची तयारी. पाकिटं संपली की तपासणी संपली, बाहेर कितीही लोक उभे असले तरी. सेट कमी असतील तर आइस्क्रीमच्या चपट्या काड्या आणि टॉर्च, वरवरच्या तपासणीला पुरतं. सुया सुयांच्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि ती पिशवी आरोग्य केंद्रात. शाळेमागे जाळू नका, पोरं उकरतात.

खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू होतं

एक साधी वही करा. नाव, वय, फोन, रंग, काय केलं, पुढे कुठं पाठवलं, आणि शेवटी एक रिकामा रकाना "झालं का?" तो रकाना भरायची जबाबदारी एकाच माणसाची, दोघांची दिली की कोणाचीच नसते. सात दिवसांनी फोन, महिन्याने परत.

कुठं पाठवायचं ते कॅम्पच्या आधी ठरलेलं पाहिजे. तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात डेंटिस्ट कोणत्या वारी असतात ते फोन करून विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, हे पुष्कळ जणांना अजून माहिती नाही. रूट कॅनल, कवळी असं लांबलचक काम असेल तर धुळ्याला डेंटल कॉलेज आहे, विद्यार्थी करतात, वेळ लागतो, पण वर सर बघत असतात आणि खर्च कमी येतो. ज्याच्याकडे वेळ आहे त्याला कॉलेज, ज्याची मजुरी बुडते त्याला जवळचा दवाखाना.

महिन्याने वही उघडून "किती तपासले" हे मोजू नका, लाल चिठ्ठीवाल्यांपैकी किती जणांचं झालं ते मोजा, आणि राहिलेल्यांची वयं बघा. मागच्या कॅम्पला आमच्या ११ लाल होत्या, ९ झाल्या. राहिलेल्या दोन्ही सत्तरीच्या पुढच्या बाया, एकीचा मुलगा सुरतला, दुसरीला कोणीच नाही. औषध होतं, डॉक्टर होता, बसचं तिकीट पण जवळपास फुकट होतं, नुसता सोबत जाणारा माणूस नव्हता. आता आम्ही बचतगटाच्या एका ताईंना त्या कामाचे दिवसाचे पैसे देतो, व्हार्निशच्या दोन डब्या कमी घेतो त्यासाठी. बुधवारी बाजार असतो, त्या दिवशी त्या ताई अशा एकट्या माणसांना घेऊन येतात. त्या दोघींपैकी एकीचं झालंय, दुसरी म्हणते कापूस वेचणं होऊ द्या, मग येते.